कागदावरचें दुखणें

वैद्यानें रोग्यास डोळ्यांनीं पाहावें, त्याची नाडी धरावी, चार प्रश्न विचारावे आणि मग औषधाची पुडी बांधावी, हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, रोग्याचें तोंडहि न पाहतां त्याच्यावर उपचार करणाऱ्यास आपण सहसा भोंदू ठरवूं. परंतु अठराव्या शतकांतील युरोपांत जे वैद्य विद्वत्तेनें व सचोटीनें अग्रगण्य मानले जात, त्यांचा पुष्कळसा वेळ अशा न पाहिलेल्या रोग्यांस पत्रें लिहिण्यांत जात असे. ते भोंदू नव्हते, आणि त्यांचे रोगीहि भोळे नव्हते. हा व्यवहार कसा चाले, तो मागें कां पडला आणि आपल्याकडे त्याचें स्वरूप काय होतें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय इतिहासाचा खरा. पण तो मला सुचला तो ग्रंथालयांत नव्हे, तर हिंगोलीस घरच्या माळ्यावर सांपडलेल्या एका जुन्या वहीमुळें. त्या वहीकडे शेवटीं वळूं.

या पत्रवैद्यकाचा एक फार मोठा संग्रह एडिंबरो येथें आहे. विल्यम कलन हा स्कॉटिश वैद्य १७१० सालीं जन्मला व १७९० सालीं वारला. एडिंबरोच्या विद्यापीठांत तो प्रथम रसायनशास्त्र व पुढें वैद्यक शिकवीत असे, आणि अध्यापक म्हणून त्याची कीर्ति स्कॉटलंडाबाहेरहि पसरली होती. त्या कीर्तीमुळें जे रोगी एडिंबरोस येऊं शकत नसत, ते त्यास पत्र लिहीत. कित्येकदां त्यांच्या वतीनें गांवचा डॉक्टर किंवा एखादा नातलग लिही. कलनचा विशेष हा कीं, आलेलें पत्र तो जपून ठेवी आणि आपल्या उत्तराची नक्कलहि करवून ठेवी. प्रथम हें काम लेखनिकाकडे असे. पुढें १७८० सालीं जेम्स वॅट यानें, वाफेच्या यंत्रामुळें ज्याचें नांव आपल्या शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे त्यानेंच, पत्राची नक्कल काढण्याच्या यंत्राचा हक्क मिळविला. विशिष्ट शाईनें लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबला म्हणजे त्यावर अक्षरें उलटीं उमटत, आणि कागद पातळ असल्यामुळें तीं पाठीमागून सुलटीं वाचतां येत. १७८१ पासून कलननें हें यंत्र वापरण्यास आरंभ केला. आलेलीं व गेलेलीं मिळून पांच हजारांहून अधिक पत्रें तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेच्या दफ्तरांत आहेत. आणि ग्लासगो विद्यापीठांतील अभ्यासकांनीं तीं संगणकाच्या द्वारें आतां कोणासहि वाचावयास खुलीं करून दिलीं आहेत.

या पत्रांत रोगी काय लिही? आपलें वय, बांधा, व्यवसाय. पूर्वी झालेलीं दुखणीं. आईबापांस कोणते विकार होते. जेवण काय, मद्य किती, झोप कशी, शौचास कसें होतें. मनास कोणती चिंता लागली आहे. दुखणें कोणत्या ऋतूंत वाढतें व कशानें शमतें. आणि आजवर कोणकोणतीं औषधें घेऊन झालीं. थोडक्यांत म्हणजे रोग्यानें आपलें लहानसें आत्मचरित्रच लिहून पाठवावें. कलनच्या उत्तरांतहि औषधापेक्षां दिनचर्येसच अधिक जागा असे. अमुक खावें, तमुक वर्ज्य करावें. रोज घोड्यावर बसून फिरावें. अंगास लोकरीचें वस्त्र लावावें. कोठा साफ ठेवावा. थंडी बाधूं देऊं नये. आपल्याकडील पथ्यापथ्याचा विचार ज्यांनीं घरांत ऐकला आहे, त्यांस या उपदेशांत परकें असें फारसें वाटणार नाहीं.

येथें सहजच शंका येते कीं, रोग्यास न पाहतां दिलेला हा सल्ला कितपत भरंवशाचा असेल? याचें उत्तर त्या काळच्या वैद्यकाच्या स्वरूपांत आहे. अठराव्या शतकांतील वैद्य रोग्याच्या उशाशीं बसला असतां तरी करून करून काय करता? नाडी पाहता, जीभ पाहता, मूत्राचा रंग पाहता. छातीच्या आंत काय चाललें आहे हें कळण्याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें. रोग म्हणजे शरीराच्या अमुक एका भागांतील बिघाड, यापेक्षां त्या त्या माणसाच्या सबंध प्रकृतीचा बिघाड, अशीच कल्पना तेव्हां प्रबळ होती. आणि प्रकृति जाणावयाची तर ज्याची प्रकृति त्यानेंच ती सांगितली पाहिजे. म्हणजे वैद्य समोर असो वा शंभर कोसांवर असो, त्याच्या ज्ञानाचा मुख्य आधार एकच, आणि तो म्हणजे रोग्याचें स्वतःचें निवेदन. म्हणूनच पत्रानें त्याचें फारसें कांहीं हरवत नसे.

कसें लिहावें हेंहि लोकांस शिकवावें लागे. स्वित्झर्लंडांतील लोझान येथील टिसो या वैद्यानें सामान्य जनांस आरोग्याचा उपदेश करणारा एक ग्रंथ १७६१ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या अखेरीस, वैद्याचा सल्ला घेणारानें कोणकोणत्या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास तयार असलें पाहिजे, याची त्यानें यादीच दिली आहे. या टिसोस लोकांनीं लिहिलेलीं हजाराहून अधिक पत्रें अद्याप शिल्लक आहेत.

आमच्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांस डॉ. सॅम्युएल जॉन्सन हा कोशकार चांगला परिचित आहे. १७८३ च्या जून महिन्यांत एका रात्रीं त्यास अर्धांगाचा झटका येऊन त्याची वाचा गेली. बुद्धि शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें मनांतल्या मनांत लॅटिन पद्यांत प्रार्थना रचली, आणि मग शेजाऱ्यास चिठ्ठी लिहून वैद्यास बोलावणें धाडलें. जीभ बंद पडली तरी लेखणी चालत होती. वाचा पुढें परत आली. पण त्याच हिवाळ्यांत दमा व जलोदर यांनीं त्यास घेरलें. तेव्हां १७८४ च्या फेब्रुवारींत त्यानें एडिंबरोस असलेल्या आपल्या बॉस्वेल या मित्रास कळविलें कीं, तुमच्याकडील वैद्यांस माझ्या दुखण्याविषयीं विचारून पाहा. बॉस्वेलनें ज्यांस विचारलें त्यांत कलन हा एक होता, आणि त्यानें आस्थेनें उत्तर पाठविलें. त्याच वर्षीं १३ डिसेंबर रोजीं जॉन्सन वारला. लंडनसारख्या राजधानींत, नामांकित वैद्यांच्या गराड्यांत असलेल्या माणसासहि दूरच्या वैद्याचें पत्र हवेंसें वाटलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तसेंच हेंहि विसरतां नये कीं, हा रोगी इंग्रजी भाषेचा कोश रचणारा होता. आपलें दुखणें शब्दांत मांडण्यास त्याच्याइतका समर्थ रोगी विरळा.

१७६१ हें साल मराठी माणसास पानिपतामुळें पाठ असतें. वैद्यकाच्या इतिहासांतहि तें स्मरणीय आहे. टिसोचा ग्रंथ ज्या वर्षीं निघाला त्याच वर्षीं व्हिएन्ना येथें औएनब्रुगर यानें, छातीवर बोटांनीं ठोकून जो नाद निघतो त्यावरून आंतील विकार ओळखण्याची रीत एका छोट्या पुस्तकांत प्रसिद्ध केली. आणि त्याच वर्षीं पादुआच्या मोर्गान्यी यानें, मृत शरीरें उघडून रोगाचें मूळ कोणत्या अवयवांत असतें हें दाखविणारा आपला महाग्रंथ छापला. गंमत अशी कीं, हा ग्रंथहि सत्तर पत्रांच्या रूपानेंच लिहिलेला आहे. पुढें १८१६ सालीं लेनेक या फ्रेंच वैद्यास नळीनें छातीचा ध्वनि ऐकण्याची युक्ति सुचली व १८१९ सालीं त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला. येथून सत्तेचा पालट झाला. रोगी काय सांगतो यापेक्षां त्याची छाती काय सांगते यास अधिक मोल आलें, आणि छाती कांहीं पाकिटांत घालून पाठवितां येत नाहीं. पत्रानें उपचार करण्याचा मोठेपणा यामुळें हळूहळू ओसरला. या फेरफारानें मनुष्यजातीचें अपरिमित कल्याण झालें हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु ज्या काळीं रोग्याचें बोलणें वैद्यास शेवटपर्यंत ऐकावें लागे, तो काळहि त्याबरोबरच मागें पडला.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. वाग्भटानें रोगपरीक्षेचीं तीन साधनें सांगितलीं आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. सुश्रुतानें पांच ज्ञानेंद्रियें व सहावा प्रश्न असे सहा मार्ग मोजले आहेत. दोहोंतहि प्रश्नाचा अंतर्भाव आहे, पण तो पाहण्या-स्पर्शण्याच्या जोडीनें. पत्रांत पहिलीं साधनें गळून केवळ प्रश्न उरतो. म्हणून कीं काय, आपल्या प्राचीन ग्रंथांत दूरस्थ रोग्यासंबंधानें विचार आहे तो पत्राचा नव्हे, दूताचा. रोग्याकडून वैद्यास बोलावण्यास आलेला माणूस कोणत्या अवस्थेंत आहे, त्याचे केस विस्कटलेले आहेत काय, तो रडत आहे काय, यावरून रोग्याचें भवितव्य जाणण्याविषयीं चरकाच्या इंद्रियस्थानांत व सुश्रुताच्या सूत्रस्थानांत विस्तारानें लिहिलें आहे. आजच्या दृष्टीनें हे शकुन टिकणारे नाहीत. परंतु त्यांत एक व्यवहाराची गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी कीं, रोगी आणि वैद्य यांच्यामध्यें नेहमीं एक तिसरा माणूस असतो, आणि वैद्यास प्रथम दिसतो तो हा तिसरा माणूस.

हा तिसरा माणूस म्हणजेच आपल्या विषयाचें मर्म होय. पत्र हाहि एक दूतच. आणि तें पत्र ज्याच्या हातचें, त्याच्या नजरेनेंच रोगी वैद्यापुढें उभा राहतो. कलनच्या संग्रहांतहि पत्नीसंबंधानें पतीनें, मुलीसंबंधानें बापानें लिहावें, असा प्रकार आढळतो. आपल्याकडे तर गेल्या शतकापर्यंत बहुसंख्य स्त्रियांस अक्षरओळखच नव्हती. १८५४ सालीं ब्रिटिश मुलखांत अर्ध्या आण्यांत कितीहि दूर पत्र जाऊं लागलें. १८७७ पासून किंमत चुकवून पार्सल सोडविण्याची, म्हणजे व्ही. पी. ची, सोय झाली. आणि वैद्याचें औषध परगांवीं टपालानें जाणें सोपें झालें. टपाल सर्वांचें झालें. लेखणी मात्र सर्वांची झाली नाहीं.

या पार्श्वभूमीवर एका मराठी स्त्रीचें उदाहरण मला फार मोलाचें वाटतें. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र सर्वश्रुत आहे. पण त्यांतील एका लहानशा गोष्टीकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. १८६५ सालीं जन्मलेल्या या मुलीचें लग्न नवव्या वर्षीं झालें, चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पति गोपाळराव हे टपालखात्यांत कारकून होते. ही केवळ योगायोगाची गोष्ट, पण आपल्या विषयास ती किती साजते! त्यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तिकडील एका मासिकांत छापलें गेलें, आणि तें न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल येथें राहणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या वाचनांत येऊन त्यांनीं १८८० सालीं आपण होऊन आनंदीबाईंस पत्र धाडलें. यांतून जो पत्रव्यवहार जडला त्यांत नात्याचा ओलावा आला. आनंदीबाई त्यांस मावशी मानूं लागल्या.

पुढें गोपाळरावांची बदली कलकत्त्यास झाली. तेथें आनंदीबाईंची प्रकृति ढासळली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधून मधून ताप, आणि कधीं कधीं धाप. हें वर्तमान पत्रांतून कळल्यावर कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. बाई कांहीं वैद्य नव्हत्या, औषधांनीं गुण आला नाहीं, आणि पत्राचें उत्तर येण्यास कित्येक आठवडे लागत. तेव्हां उपचार या दृष्टीनें हा प्रयोग फसला असेंच म्हटलें पाहिजे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां त्याचें महत्त्व निराळें आहे. एक मराठी स्त्री, वय सोळा-सतरा, आपल्या शरीराचें दुखणें परक्या भाषेंत लिहिते; तें वाचणारी स्त्रीच असते; आणि तें खरें मानून ती समुद्रापलीकडून औषध धाडते. येथें मध्यें तिसरा माणूस नाहीं.

त्याच आनंदीबाईंनीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहांत भाषण करून आपण अमेरिकेस कां जातों हें सांगितलें. हिंदु स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढें आपलें दुखणें उघड करीत नाहीत, म्हणून या देशास स्त्री-डॉक्टर हव्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांस पदवी मिळाली. स्वदेशीं परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं क्षयानें पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या हातून रोग्यांची सेवा व्हावयाची राहिली हें खरें; पण दुखणें कोणी सांगावयाचें व कोणी ऐकावयाचें हा प्रश्न त्यांनीं जितक्या स्पष्टपणें मांडला तितका त्यांच्यापूर्वीं आपल्याकडे फारसा कोणीं मांडला नव्हता.

आतां त्या वहीविषयीं. आमचें मूळ घर वसमत तालुक्यांतलें. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि आजोबा त्या राज्यांत पटवारी होते. महत्त्वाच्या पत्रांचे मसुदे ते एका लांब वहींत लिहून ठेवीत. फसली १३५०, म्हणजे इसवी सन १९४०-४१, या वर्षांतले तीन मसुदे एका परगांवच्या वैद्यास लिहिलेल्या पत्रांचे आहेत. पहिल्यांत ‘कृ. सा. न. वि. वि.’ झाल्यावर ‘घरांतील मंडळींची प्रकृति अलीकडे बरी नसते’ असें वाक्य आहे. पत्नीचें नांव घ्यावयाचें नाहीं ही त्या काळची रीत. ‘मंडळी’ म्हणजे आमची आजी. वैद्यबुवांनीं उलटपक्षीं प्रश्न विचारले असावे, कारण दुसऱ्या मसुद्यांत एकेका बाबीचा खुलासा आहे. अन्न जात नाहीं, ताप नाहीं, झोंप बेताची, थकवा फार. एका जागीं ‘ऋतुधर्मा’पर्यंत येऊन ओळ खोडलेली आहे, आणि तिच्याखालीं निराळ्या शाईनें ‘यथास्थित’ एवढेंच लिहिलें आहे. तिसरा मसुदा मनिऑर्डर पाठविल्याचा व उतार नसल्याचा. त्यानंतर त्या वैद्यास पत्र नाहीं, कारण दिवाळीपूर्वीं आजी गेली.

पुढें पुष्कळ वर्षांनीं आत्यानें मला सांगितलें कीं, आजीच्या अंगावरून कित्येक महिने जात होतें. ही गोष्ट तिनें एकट्या थोरल्या जाऊबाईंस सांगितली होती. जाऊबाईंनीं ती दिरास सांगितली नाहीं, आणि आजोबांनीं ती आजीस विचारली नाहीं. वैद्यानें प्रश्न बरोबर विचारला होता. त्यानें औषध दिलें तें कागदावरच्या दुखण्यास. आजीचें दुखणें कागदावर आलेंच नव्हतें. आजोबांस दोष देण्यास माझें मन घेत नाहीं. त्यांनीं त्या काळच्या मानानें पुष्कळच केलें. खर्चास मागेंपुढें पाहिलें नाहीं. खोडलेली ओळ पाहिली म्हणजे वाटतें कीं लिहावें असें त्यांच्याहि मनांत आलें असावें. पण एक शब्द विचारण्यास लागणारी भाषा त्या घरांत नवराबायकोंमध्यें नव्हती.

या गोष्टीस ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, आणि २०२४ सालीं येथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयहि आलें. त्याचबरोबर दूरवैद्यक नव्या वेषानें परत आलें आहे. मार्च २०२० मध्यें सरकारनें दूरसंपर्कानें उपचार करण्याचे नियम प्रसिद्ध केले. चित्रानें, आवाजानें वा लिखित मजकुरानें डॉक्टरानें सल्ला द्यावा यास त्यांत मान्यता आहे. ई-संजीवनी या सरकारी योजनेंत खेड्याच्या आरोग्यकेंद्रांत बसलेल्या रोग्याचा दूरच्या डॉक्टराशीं संबंध जोडून दिला जातो. मी याचें मनापासून स्वागत करतों. आजीच्या काळीं असें कांहीं असतें तर, हा विचार कोणाच्या मनांत येणार नाहीं? परंतु एवढ्यानें काम संपत नाहीं. पडद्यावर चेहरा दिसतो, आवाजहि ऐकूं येतो. तरी त्या बाईच्या शेजारीं सासू किंवा नवरा बसलेला असतो, आणि डॉक्टरानें बाईस विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां तोच देतो. वाग्भटाच्या तीन साधनांपैकीं दर्शन यंत्रानें मिळवून दिलें. स्पर्शनहि पुढेंमागें कांहीं अंशीं मिळवून देईल. प्रश्न मात्र माणसानेंच विचारावयाचा, आणि ज्याचें दुखणें त्यानेंच त्याचें उत्तर द्यावयाचें.

म्हणून माझी सूचना अगदीं साधी आहे. आपल्या घरांतील कोणाहि स्त्रीस डॉक्टराकडे नेतांना, मग तो डॉक्टर समोर असो वा यंत्रांत असो, आपण घटकाभर उठून बाहेर जावें. कलनच्या रोग्यांस जें सुख लेखणीमुळें लाभलें, म्हणजे आपलें दुखणें आपल्या शब्दांत, कोणी मध्यें न बोलतां, शेवटपर्यंत सांगून टाकण्याचें, तेवढें सुख देण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. आजोबांची ती वही मी बांधून घेतली आहे. मुलें विचारतात, त्यांत एवढें काय आहे? मी त्यांस ते पान उघडून दाखवितों आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवतों.